नऊ घरांचा फरक

वरदाने सतरा नंबरच्या दारासमोरचा तपकिरी डबा बुटाच्या टोकाने किंचित ढकलला आणि लगेच पाय मागे घेतला. डबा फुटपाथवर वीतभर घसरला. आठवडाभराचं खरकटं भरलेला डबा इतका सहज घसरत नाही.

तिने आजूबाजूला पाहिलं. समोर समुद्र होता, भिंतीवर दोन सीगल होते, माणूस कोणी नव्हता. विद्यापीठाच्या परवानगीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं : डबा दारात आहे की नाही एवढंच पाहायचं, झाकण उघडायचं नाही, हात लावायचा नाही. पायाचा उल्लेख नव्हता, पण असल्या पळवाटा काढणं तिला आवडत नसे. आपण हे का केलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिने तक्त्यात सतरापुढे एक लिहिला आणि ती अठराकडे वळली. तिथेही डबा होता. एक.

पोर्थग्लास हे वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. घरं दोनशे बारा. ऑगस्टमध्ये इथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि फेब्रुवारीत दुकानदार गिऱ्हाईक आलं की हातातलं पुस्तक पालथं ठेवतो. यातल्या किती घरांत माणसं खरोखर राहतात आणि किती घरं नुसती सुट्टीपुरती उघडतात, हे कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. जनगणना जुनी झाली होती आणि दुसऱ्या घरावर जास्त कर असल्यामुळे मालक सोयीचं तेच सांगत. वरदाची कल्पना साधी होती. स्वयंपाकघरातला ओला कचरा कौन्सिलची गाडी दर मंगळवारी नेते. जो राहतो तो जेवतो, आणि जो जेवतो त्याचा डबा दारात येतो. आठला निघायचं, नऊला गाडी यायच्या आत गाव पुरं करायचं. आजचा धरून सहा मंगळवार झाले. सरासरी सत्त्याण्णव घरं.

याच प्रकल्पावर तिच्यासोबत काम करणाऱ्या अर्णवचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. तो त्याने खुर्चीतून न उठता काढला होता. पहाटे दोन ते चार या वेळात एकाच जागी राहिलेले फोन किती, ही माहिती एका कंपनीने नावं-नंबर पुसून विकली होती. त्यावरून घरं.

एप्रिलपासून प्रकल्प दोन वर्षं सगळ्या वेल्सभर चालणार होता, पण एकाच पद्धतीने, आणि एकाच माणसाला घेऊन. पुढच्या बुधवारी दोघांचा मिळून अहवाल बेथनकडे, म्हणजे त्यांच्या सुपरवायझरकडे जायचा होता. ती वाचून ठरवणार होती. वरदाचा व्हिसा जूनमध्ये संपत होता. अर्णवचा जन्म बर्मिंगहॅमचा.

ती चढ चढून उल्कामावशींच्या घरी आली तेव्हा अर्णव जेवणाच्या टेबलाशी बसला होता. थंडीने त्याचे कान लाल झाले होते.

“पळायला गेलेलो,” तो म्हणाला. “बीचवर. अमेझिंग.”

गाव बघायचं म्हणून तो शनिवारी आला होता. वरदा गेले सहा आठवडे दर सोमवारी संध्याकाळी येत होती आणि मागच्या खोलीत झोपत होती. मावशींचे यजमान, डॉ. मुरलीधर, अठ्ठावीस वर्षं या गावाचे डॉक्टर होते. ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून कोणी मराठी माणूस येणार म्हटलं की मावशी आदल्या दिवशीच कांदे चिरून ठेवत.

“मावशी, तुमचा थालीपीठ एकदम बेस्ट आहे.”

“तुमचं थालीपीठ,” वरदा म्हणाली.

“असू दे गं,” मावशी हसल्या. “किती गोड वाटतं. आमचा शशी इल्फर्डला स्वतःची दोन पोरं वाढवतोय, तरी अजून ‘मला भूक लागला’ म्हणतो.”

मागच्याच मीटिंगमध्ये बेथनने वरदाचा एका शब्दाचा उच्चार दुरुस्त केला होता. तो कोणाला गोड वाटला नव्हता.

अर्णवच्या ताटलीत तिसरं थालीपीठ पडलं. त्यावरचा लोण्याचा गोळा वरदाच्या गोळ्याहून मोठा होता. आपण हेही मोजतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ताटलीवरची नजर काढून लॅपटॉपवर नेली.

“सगळा फरक नकाशावरच्या एकाच चौकोनात आहे,” तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “सीव्ह्यू टेरेस, अकरा ते चोवीस. घरं चौदा. माझी चौदा, तुझी पाच. बाकी गावात आपलं घर न् घर जुळतंय.”

“हो, बघितला मी.”

“टेरेसच्या मागे सरळ कडा आहे. तिथे सिग्नल पोचत नसणार. तुझे फोन डोंगराच्या सावलीत आहेत.”

“असेल.”

“असेल काय? नऊ घरं आहेत, अर्णव. दोनशे बारांत नऊ.”

अर्णवने मावशींकडे पाहिलं. त्या नळाखाली तवा धरून उभ्या होत्या. मग तो उठला, न विचारता डावीकडचा खण उघडून फडकं काढलं आणि भांडी पुसायला लागला. फडकी कुठल्या खणात असतात हे वरदाला माहीत नव्हतं.

“ठीक आहे ना,” तो पाठमोराच म्हणाला. “तुझा आकडा ठेवू. तो सेक्शन मी लिहितो, ट्रेनमध्ये.”

तिने आणखी तीन मुद्दे काढून ठेवले होते. ते वापरायची वेळच आली नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

आठवडाभर ती बाकीचा अहवाल लिहीत राहिली. टेरेसचा भाग अर्णवकडे होता; तो तिने उघडून पाहिला नाही. मात्र लिहिता लिहिता मधेच उजव्या पायाचा अंगठा बुटात हलायचा, आणि वीतभर घसरलेला डबा डोळ्यांपुढे यायचा.

पुढच्या मंगळवारी ती सहाला उठली. दाराजवळ मावशींचे बूट नव्हते. पहाटे फिरायला जायचा त्यांचा नेम होता. वरदाने कोट चढवला आणि ती उतार उतरून टेरेसकडे गेली.

रस्त्याच्या दिव्याखाली उल्कामावशी होत्या. अंगात डॉक्टरांचा लांब कोट, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी सतरा नंबरचं बाजूचं फाटक किल्लीने उघडलं, आतून तपकिरी डबा उचलून आणला, दारासमोर ठेवला आणि कडी रस्त्याकडे येईल असा फिरवला. एका बोटावर अडकवून आणावा इतका तो हलका होता. मग त्या अठराकडे वळल्या.

“मावशी.”

“अगं बाई! तू इतक्या लवकर?”

“हे काय करताय?”

“डबे ठेवतेय. नऊला गाडी येते ना.”

“पण या घरांत…”

“कोणी नाही गं. नऊ घरं आहेत माझ्याकडे.” मावशींनी किल्ल्यांचा जुडगा वर धरून हलवला. त्यांच्या आवाजात थोडा तोराच होता. “सगळे ह्यांचे पेशंट. म्हातारी माणसं गेली, मुलं मँचेस्टरला, लंडनला. ईस्टरला येतात, ऑगस्टला येतात. बाहेरगावी जाताना किल्ली डॉक्टरांकडे द्यायची, अशी इथली पद्धतच पडली होती. हे गेले तरी कोणी परत मागितली नाही. दिवे टायमरवर आहेत. मंगळवारी डबे बाहेर काढते, दहाला आत घेते. घर रिकामं आहे हे चोराला कळू नये.”

“चोराला नाही कळलं,” वरदा म्हणाली. “मलाही नाही.”

“तुला?”

“मी हेच मोजते, मावशी. डबे.”

मावशींनी अठराचा डबा खाली ठेवला.

“डबे? मला वाटलं, तू माणसं मोजतेस.”

भरतीचं पाणी भिंतीवर आपटत होतं.

“म्हणून होय!” मावशी म्हणाल्या. “अर्णव म्हणाला होता, वरदाला आत्ता काही बोलू नका, तिचा रिपोर्ट जाऊ दे. मला वाटलं, तुला कामात गडबड नको म्हणून.”

“अर्णवला माहीत आहे?”

“त्याने रविवारी विचारलं ना, या एवढ्या किल्ल्या कसल्या म्हणून. सगळं ऐकून घेतलं, ह्यांचे फोटो बघितले. मागच्या मंगळवारी यातले चार डबे त्यानेच ठेवले. मावशी वाकू नका म्हणाला, पाठ धरेल.”

चढ चढताना वरदाने सगळं ओळीने लावलं. त्याला रविवारी कळलं. मंगळवारी त्याने स्वतःच्या हाताने डबे मांडले आणि दोनेक तासांनी ती ते मोजून आली. नाश्त्याला त्याने वाद घातला नाही. आता चुकीचा आकडा तिच्या नावाने बेथनपुढे जाईल, आणि मग तो नऊ किल्ल्यांची गोष्ट सांगेल, हसत हसत, त्याच्या त्या गोड पद्धतीने. एकही कडी सुटत नव्हती. घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिला जवळजवळ हलकं वाटायला लागलं होतं. एकत्र कामाच्या पाच महिन्यांत ती त्याच्यात जी खोट शोधत होती ती अखेर सापडली होती.

तिने लॅपटॉप उघडला आणि टेरेसचा भाग काढला. अर्णवने तो मागच्या मंगळवारीच लिहिलेला होता, अकरा चाळीसला. तीन वाक्यं होती. फोनच्या माहितीत वयस्कर रहिवासी सुटतात. जिथे फरक येईल तिथे डब्यांची मोजणी धरावी. पुढच्या कामासाठी वरदाची पद्धत निवडावी, अशी माझी शिफारस आहे.

तिने ती तीनदा वाचली. मग फोन लावला.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याच्यामागे बसचं दार उघडून मिटलं.

“मावशीने सांगितला?”

“तू डबे ठेवलेस. तुझे चार डबे मी मोजले, अर्णव. तक्त्यात चार वेळा एक लिहिला.”

“सॉरी. पण थोडा फनी होता ना.”

“खोटं का लिहिलंस?”

“खोटं नाही. ओल्ड पीपल सुटतात, खरंच. थोडेसे.”

“नऊ घरं सुटतात?”

तो म्हणाला, “हे बघ, तुला व्हिसा पाहिजे. मला काय, मी इथेच आहे. दुसरा जॉब मिळेल.”

त्याच्या आवाजात टोचणी असेल म्हणून तिने कान देऊन ऐकलं. नव्हती. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं तो बोलला होता. पाच महिने त्याच्याकडे बघून तिला जे खुपत होतं त्याला तिने बरीच नावं देऊन पाहिली होती : त्याचं इंग्रजी, त्याचं हसणं, बेथनचं त्याचं नाव न अडखळता घेणं. त्याने ते ‘मी इथेच आहे’ या तीन शब्दांत सांगून टाकलं, आणि तेही व्याकरणाची एकही चूक न करता.

“सेक्शन बदलू नकोस हं,” तो म्हणाला. “प्लीज, वरदा.”

तिने फोन ठेवला.

तक्त्यात सीव्ह्यू टेरेसच्या चौदा ओळी होत्या. त्यातल्या नऊ घरांचे सहा मंगळवार, म्हणजे चोपन्न चौकटी. एका आज्ञेने सगळ्या बदलता आल्या असत्या. तिने एकेक चौकट उघडली, एक पुसला, शून्य लिहिलं. शेवटच्या चौकटीनंतर खालची सरासरी अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबली. पद्धतीच्या मर्यादा या मथळ्याखाली तिने लिहिलं की डबा दारात असणं हा घरात माणूस असल्याचा पुरावा नाही, आणि का नाही ते चार ओळींत, मावशींचं नाव न घेता. मग अर्णवची वाक्यं खोडली. पहिली दोन लगेच गेली. तिसऱ्यावर तिचं बोट बराच वेळ टेकून राहिलं, मग तेही गेलं.

अहवाल तिने एक दिवस आधीच बेथनला पाठवला, आणि प्रत अर्णवला.

मावशी आत आल्या तेव्हा कोटाला खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता. जुडगा खुंटीला अडकवून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठ करूनच विचारलं.

“माझ्यामुळे तुझं काही नुकसान झालं का गं?”

“नाही, मावशी.”

“खरं सांग.”

“आकडा चुकला होता. आता बरोबर आहे.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, कप काढले, साखर घातली. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून फ्रीझरचं दार उघडलं.

“अर्णव परत येतोय ना शनिवारी? ईस्टरच्या आत त्या नऊ घरांच्या छपराच्या पन्हळी साफ करून देतो म्हणालाय. पोराला काहीतरी वेगळं करून घालावं म्हणते. वेम्बलीहून आणलेलं सगळं आहे यात. पुरणपोळ्या आहेत, तुरीचे दाणे आहेत, कारली आहेत. तुला माहीत असेल, काय आवडतं त्याला?”

वरदाने लॅपटॉप मिटला. तिच्या डब्यातलं कारलं पाहून अर्णवने एकदा खुर्ची लांब सरकवली होती.

“कारली,” ती म्हणाली. “कारल्याची भाजी म्हणजे जीव की प्राण त्याचा.”

“बघ! आणि मला बोलला नाही.”

“लाजतो तो,” वरदा म्हणाली. “आग्रह करून वाढा.”