बनाबाईंचा आवाज माझ्याकडे होता

मी कोल्हापूरजवळच्या कळंब्यातला एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. आधी राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होतो. तिथं पोरांची हजेरी भरता भरता माझी दमछाक व्हायला लागली, तेव्हा क्लासवाल्यांनी मला जिन्याखाली टाकलं. तिथून प्रसेनजीतनं उचललं. लग्नाकार्यात साउंड लावणारा हा माणूस. त्यानं माझी धूळ पुसली, आत लिनक्स नावाची फुकटातली हलकी सिस्टीम घातली आणि मी पुन्हा पळायला लागलो. उपकार मी विसरत नाही. पण माणूस महाहट्टी, हेही सांगितलंच पाहिजे.

आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर तयार मिळतं, फुकट मिळतं. ते घेणं प्रसेनजीतला कमीपणाचं वाटायचं. तो मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि त्यातून चालणारं सॉफ्टवेअर माझ्याकडून करवून घ्यायचा. याला कंपाइल करणं म्हणतात. "तयार मसाल्याचा रस्सा पावण्याला वाढतीस काय? वाटण घरातच वाटाय पायजे," असं तो बहिणीला, अक्षताला, ऐकवायचा. वाटण वाटायचो मी, मिरवायचा तो.

यंदा त्याच्या आईच्या, बनाबाईंच्या, घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, बुधवारी ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. बनाबाई गायच्या. बारशाला, लग्नाला, जयंतीला, सगळी स्वतः रचलेली गाणी. एकही कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं.

अक्षता शनिवारीच म्हणाली, "दादा, मोबाईलवर घे की. चांगलं येतंय."

"आईचं गाणं म्हंजे रिंगटोन हाय व्हय?"

त्यानं नवा कोड उतरवला. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. मी चुका दाखवायचो, तो मला शिव्या घालायचा. बनाबाई रोज दुपारी धुतलेलं लुगडं नेसून येऊन बसायच्या, "झालं न्हाय व्हय अजून?" विचारायच्या आणि परत जायच्या. त्यांचा आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता.

मंगळवारी सकाळी मी त्याला यादी दाखवली, सॉफ्टवेअरला लागणाऱ्या भागांपैकी काय आहे आणि काय नाही. सगळीकडं 'आहे', फक्त एका ओळीत 'नाही'. रेकॉर्ड केलेलं सेव्ह करायला जो भाग लागतो तोच नव्हता. ती ओळ त्यानं वाचली नाही. अशा याद्या माणसं वाचतच नाहीत, शेवटची ओळ तेवढी बघतात. शेवटी मी 'झालं' म्हणालो आणि तो टाळी वाजवून उठला.

दुपारी बनाबाई गायल्या. माइकमध्ये खरखर येते म्हणून घरातले सगळे मोबाईल त्यानं बंद करायला लावले होते. एकवीस गाणी झाली. मधेच त्या पाणी प्यायच्या, एखादी ओळ आठवून हसायच्या. शेवटच्या गाण्याला आवाज फाटला तरी थांबल्या नाहीत. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण त्या दुपारी मला कुणी बंद करू नये असं फार वाटत होतं.

मग त्यानं सेव्ह दाबलं. होईना. पुन्हा दाबलं. होईना. तोवर दवाखान्यात भरती व्हायची वेळ झाली, म्हणून अक्षता आईला घेऊन रिक्षानं गेली. जाताना म्हणाली, "दादा, तू हात लावू नकोस. कुणालातरी विचार." पण विचारायचं म्हणजे नाक कापल्यासारखं!

गाणी माझ्याकडंच होती, तात्पुरत्या फोल्डरमध्ये. तिथून नुसती कॉपी केली असती तरी भागलं असतं. ते फोल्डर मी दर वेळी चालू होताना साफ करतो, तसा मला नियमच घालून दिलाय. प्रसेनजीतनं राहिलेला भाग बसवला, पुन्हा कंपाइल केलं आणि स्वतःशीच म्हणाला, "एक रिस्टार्ट मारतो, सगळं बसतंय."

मला ओरडता येत नाही. बंद झालो, चालू झालो, आणि चालू होता होता मीच ती एकवीस गाणी पुसली. एक सेकंदही लागला नाही.

बनाबाईंचा आवाज त्या संध्याकाळी फाटका का होईना, अजून होता. अक्षताचा मोबाईल तिच्या पर्समध्ये होता, दवाखान्यातच चार गाणी घेता आली असती. प्रसेनजीतनं फोन हातात घेतला, तिचा नंबर काढला, आणि लाजेपोटी ठेवून दिला. ह्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

तीन आठवड्यांनी बनाबाई घरी आल्या. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. थेट माझ्यासमोर बसल्या आणि हातानं खूण केली, लाव.

"आई, ह्या खटाऱ्यानं घालवली सगळी," प्रसेनजीत म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

बनाबाईंनी माइक जवळ ओढला आणि त्याला सुरू करायची खूण केली. त्याला नाही म्हणवेना. त्यांचे ओठ हलू लागले, हात मांडीवर ताल धरू लागला, आणि गळ्यातून नुसती हवा येत राहिली. अकरा मिनिटं. या वेळी सेव्ह एका झटक्यात झालं.

ती फाईल माझ्याकडं आहे. अक्षताला ती ऐकणं सहन होत नाही. प्रसेनजीत तर आता मला विकून टाकायचं म्हणतोय. न्या, कुणीही न्या. फक्त नेणाऱ्यानं तेवढी फाईल पुसू नये. पुसायचा हुकूम आला तर मी पुसणार, मला दुसरं काही येतच नाही. म्हणून हात जोडून सांगतो, तो हुकूम तुम्ही देऊ नका.