रायीची राखण

जयवंतने ठरावाचा कागद तिसऱ्यांदा पुढे सरकवला, तसा कमलने तो पालथा करून टेबलावर ठेवला.

लालबागमधल्या त्या खोलीत गावच्या मुंबई मंडळाची सभा भरली होती. अकरा घराण्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक राहिली होती. नवरा गेल्यापासून घराण्याच्या वतीने कमल सभेला यायची, पण आजवर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. गावच्या देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधायचा आणि त्यासाठी देवराईतली जुनी झाडं विकायची, असा ठराव होता. रे रोडचा एक वखारवाला खोडं पाहूनही आला होता. मात्र रायीतलं काही तोडायचं तर बाराही घराण्यांची संमती लागे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि कोणी मोडलाही नव्हता.

कमलला ती राई पायाखालची होती. दर उन्हाळ्यात ती महिनाभर गावी राहायची, तेव्हा वाडीतल्या बायकांबरोबर तिचीही राखणीची पाळी असे. वाळकी काटकी उचलणाऱ्यालासुद्धा त्या परत पाठवीत. वैशाखात विहिरी तळाला जात, तरी रायीतला झरा वाहत असे.

जयवंत मंडळाचा अध्यक्ष, भावकीतलाच. त्याने समजावून पाहिलं. झाडं म्हातारी झालीत, उद्या वाऱ्याने पडतीलच. शिवाय कोणाच्या घरी काही जात नाही, देवाचं देवालाच.

"देवाचीच आहेत ना?" कमल म्हणाली. "मग सह्या आपण कसल्या करतोय?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जयवंतने चष्मा काढून पुसला. मग आवाज न चढवता त्याने सांगितलं, की संमती न देणाऱ्या घरी यंदा शिमग्याला पालखी थांबणार नाही.

त्या दारात पालखी चुकल्याचं कमलच्या सासूलाही कधी आठवत नव्हतं. कमलने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"वहीत लिहा. कमलची सही नाही. का नाही, तेही लिहा."

जयवंतचं पेन हललं नाही. तेव्हा तिने वही ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं.

शिमग्याला ती गावी गेली नाही. पोळीभाजी केंद्रातून सुट्टी मिळत नाही, असं तिने घरी सांगितलं. पालखीच्या दिवशी मात्र तिच्या दोन पोळ्या करपल्या. दुपारी तिने गावच्या घरी राहणाऱ्या धाकट्या जावेला, कालिंदीला फोन लावला.

"पालखी आली होती?"

"गेली पुढे."

कमलच्या मनात आलं, आपल्यापायी कालिंदीला दारात उभं राहून ते बघावं लागलं असणार.

"वैनी, आख्ख्या वाडीत कुठेच नाय थांबली."

"का गं?"

"ओटी भरायला घरात बाई नको? आम्ही सगळ्या रायीत आहोत. वणवा आत शिरू नये म्हणून कडेचा पाचोळा काढतोय." कालिंदी धापा टाकत होती. "जयवंतभावोजींची आई पण आलीय. तिला वाकता येत नाय, म्हणून वाटेवर बसवलीय राखणीला."