तोंडं नसलेली माणसं

उमरखेडच्या आठवडी बाजारात अर्पिता एका बंद दुकानाच्या पायरीवर रंग मांडून बसली होती. यवतमाळच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्यांची जुनी जलरंगचित्रं तिनं पुस्तकात पाहिली होती. त्यातल्या माणसांना चेहरे नव्हते, नुसते रंगांचे फटकारे. तरी सगळा रस्ता चालताना दिसायचा. आपला बाजारही कागदावर तसाच चालला पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. समोरच्या टोमॅटोच्या ढिगाचा लाल तिनं ओल्या कागदावर पसरू दिला आणि त्यातून धावणारी पोरं निळ्या रंगाच्या दोन-दोन फटकाऱ्यांत काढली.

"लेकरायले काहून काढून राह्यली वं?"

मागे एक माणूस मोबाइल घेऊन उभा होता.

"बाजार काढतेय, दादा," ती हसून म्हणाली. तो हसला नाही. पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज सकाळपासून फिरत होता. तिलाही आला होता. तिनं तो खोटा म्हणून पुसून टाकला होता.

"पाहा रे, एकालेही तोंड नाही! कायची खूण हाय हे?"

बघता बघता माणसं जमली. कोणीतरी तिची पिशवी उलटी केली. तिनं नाव सांगितलं, पण गलक्यात ते कोणाला ऐकूच गेलं नाही. गर्दी अंगावर आली तसे तिलाही चेहरे दिसेनासे झाले. पांढरे सदरे, पिवळा दुपट्टा, वर उठलेली काठी. एका हातानं तिचे केस धरले.

"सोड तिले!" टोमॅटोवाली भुरीबाई तराजूचं वजन उगारून गर्दीत घुसली. "सकायपासून माह्यासमोर बसली हाय ते."

"तू वयखते काय तिले?"

"नाही वयखत. मंग मारसान काय?"

केसांतला हात सुटला. भुरीबाईनं तिला ओढून आपल्या टोपल्यांमागे बसवलं आणि स्वतः आडवी उभी राहिली. माणसं मात्र हलली नाहीत. पोलिसांची गाडी येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

पोलिसांनी चौकशी करून तिला यवतमाळच्या एस.टी.त बसवून दिलं. पुढच्या सीटवरची एक चिमुकली मागे वळून तिच्याकडे पाहून हसली.  अर्पितानं पोरीच्या आईकडे पाहिलं आणि झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं.