गुप्तहेराच्या घरची झडती

टीव्हीवर दर आठवड्याला खुनी पकडणाऱ्या गुप्तहेराला घरी एकीचीच धास्ती होती, ती म्हणजे त्याच्या काळ्या मांजरीची. यंदा दिग्दर्शकाने मालिकेत त्याच्या मांडीवर एक पांढरीशुभ्र मांजर आणून बसवली होती. पहिल्या दिवशी तो शूटिंगहून घरी आला, तर काळीने त्याची पँट हुंगली, नाक मुरडलं आणि पुढे दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून पठ्ठ्या पुरावे नष्ट करू लागला. स्टुडिओतच अंघोळ करायची, कपडे बदलायचे, वर अत्तर फवारायचं आणि साळसूद चेहऱ्याने घरात शिरायचं. मालिकेतले खुनी इतके हुशार असते, तर मालिका पहिल्याच भागात गुंडाळावी लागली असती.

आज मात्र काळीने त्याची बॅग पाडली, आत डोकं खुपसलं आणि मळका शर्ट ओढत नेऊन थेट बायकोपुढे टाकला. बायकोने त्यावरचा लांब पांढरा केस चिमटीत धरला.

"रोज बाहेरून अंघोळ करून येता," ती थंडपणे म्हणाली. "कोण आहे ती? आणि तीही पिकल्या केसांची?"

गुप्तहेराची बोबडी वळली. "अगं, मांजर आहे! कामावरची!"

बायको पोट धरून हसत सुटली. "माझ्याकडून सुटलात. पण फिर्यादी मी नाहीच."

फिर्यादी तोवर त्याच्या लाडक्या खुर्चीवर चढून, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, निवांत मुतत होती.