हिल्डाबाईंच्या पायाखालून

इंग्लंडच्या फुटबॉलचा खरा इतिहास ज्यांच्या आधारावर उभा आहे, अशा मोजक्या विभूतींमध्ये माझी गणना व्हायला हवी. मित्रांनो, मी एक जुनी मासळीची पेटी आहे. माझ्यावर फुटबॉलचा इतिहास वगैरे कधी उभा राहिला नाही. हिल्डा एन्टविसल नावाच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांची उंची चार फूट दहा इंच आहे.

माझा जन्म फ्लीटवुडच्या बंदरावर झाला. पाइनच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या आणि उचलताना बोटं घालायला दोन टोकांना दोन लांबट भोकं. तरुणपणी मी कॉड आणि हॅडॉक मासे वाहिले. पुढे ब्रॅकनशॉ गावच्या बाजारात विल्फ एन्टविसल यांच्या मासळीच्या गाळ्यावर मी आले आणि तिथेच म्हातारी व्हायचं असं ठरवून टाकलं. पण विल्फ यांच्या पत्नीला ब्रॅकनशॉ टाउन या फुटबॉल संघाचं वेड होतं. पुढच्या पुरुषांच्या टोप्यांपलीकडचं दिसावं म्हणून त्या कठड्यावर, बादलीवर आणि एकदा एका परक्या प्लंबरच्या हत्यारांच्या पेटीवर चढल्या. त्या प्लंबरला घरी जायची घाई निघाली. बाई लंगडत परतल्या, तेव्हा विल्फनी मला रिकामं केलं, धुतलं आणि पालथं घातलं.

"घे. हिच्यावर उभी राहा. आणि मला ये म्हणून सांगू नकोस."

"अहो, वास मारतोय हिला!"

"तुझ्या संघाइतका नाही मारत."

याला एकेचाळीस वर्षं झाली.

मित्रांनो, पालथ्या पेटीला काय दिसतं? ओलं काँक्रीट दिसतं. भोकांतून बघावं, तर उजवीकडे कचऱ्याचा डबा आणि डावीकडे नॉर्मनचे मोजे. नॉर्मन हे निवृत्त बसचालक, गेली तीस वर्षं बाईंच्या डाव्या हाताला उभे राहतात. टाउन सलग तीन सामने जिंकेपर्यंत सामन्याचे मोजे धुवायचे नाहीत, असा त्यांनी १९९३ साली नवस केला. तो अजून फिटलेला नाही. पाऊस पडला की मला मासळीचा वास येतो अशी लोक तक्रार करतात. त्यातला निम्मा वास माझा नाही, एवढं मी या निमित्ताने नोंदवून ठेवते.

तेव्हा सामना मला दिसायचा नाही, तो मला पायांतून कळायचा. टाचा उचलल्या म्हणजे कॉर्नर. सगळा भार एका पायावर आला म्हणजे पेनल्टी. अंगावरचं वजन एकदम नाहीसं होऊन पुन्हा आलं म्हणजे गोल. नाहीसं होऊन जरा जास्तच जोरात आलं म्हणजे ऑफसाइड, गोल रद्द. माझी मधली फळी जी तडकली, ती ऑफसाइडनेच.

आमच्या खालच्या गटात मैदानावर दोनशे माणसं जमली तर सचिव भाषण करतात. जागा भरपूर असते. म्हणून आमच्याकडे रिवाज असा, की आपला संघ ज्या गोलवर चढाई करतो त्या गोलमागे आपण उभं राहायचं. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तशी आपणही बदलायची. सगळी मंडळी चहाचे पेले सांभाळत मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जातात. सोबत पाच-सहा कुत्री आणि बाईंच्या काखेत, त्यांच्या कोटात तोंड दाबलेली मी. बाईंचा ठाम विश्वास, की मला घेऊन त्या गोलमागे उभ्या राहिल्या नाहीत, तर चेंडूला कुठे जायचं ते समजत नाही. त्या उभ्या असतानाही त्याला ते फारसं समजत नसे. पण असल्या क्षुल्लक गोष्टीने त्यांचा विश्वास डळमळला नाही.

संध्याकाळी घरी परतलं की विल्फ वर्तमानपत्रामागून विचारायचे, "जिंकले?"

"नाही."

"चहा?"

"हो."

संसार म्हणजे काय, ते मी या संभाषणातून शिकले. दोन हिवाळ्यांपूर्वी विल्फ गेले. त्यानंतरच्या शनिवारी टाउन चक्क दोन-शून्यने जिंकलं. बाई मला घेऊन स्वयंपाकघरात आल्या, "जिंकले," म्हणाल्या आणि कोट न काढता बराच वेळ माझ्यावर बसून राहिल्या. चहाचं विचारायला घरात कुणी नव्हतं.

तेव्हापासून बाईंच्या आठवड्यात वार एकच उरला. शनिवार, दुपारी तीन.

आणि तोही जायची वेळ आली. गेल्या हंगामात टाउन सलग अकरा सामने हरलं. बाराव्यात बरोबरी झाली, तर लोकांनी फटाके उडवले. एप्रिलअखेर एकच सामना उरला, घरच्या मैदानावर, मॉसगेटविरुद्ध. जिंकलो तर गटात राहू. बरोबरी झाली तरी खाली जाऊ. आमचे सचिव बार्नबी चहाच्या टपरीच्या फळीवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, स्पष्ट सांगतो. खाली गेलो तर पुढच्या वर्षी संघ उतरवायचा नाही, असं समितीने ठरवलंय. गवत कापतो मी, शर्ट धुतो मी, गोलच्या जाळ्या शिवतो मी. आणि माझा गुडघा गेलाय."

"समितीत आणखी कोण कोण आहे?" कुणीतरी विचारलं.

"माझी बायको."

 परतताना बाईंनी मला छातीशी धरलं होतं.

"नॉर्मन, शनिवारी तीन वाजता मी काय करू रे?"

"बागकाम कर."

"मला बाग नाहीये."

"मग बाग घे."

"तू काय करशील?"

नॉर्मननी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजे धुवीन." इतकं निराश वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी करायचं ते सगळं केलं. विणलेला मफलर तीनदा इस्त्री केला. आवडती मटण-पॅटिस सोडली, आणि मंगळवारी चुकून खाल्ली म्हणून बुधवारी जेवणच सोडलं. शुक्रवारी मला टेबलावर ठेवून माझ्या मधल्या फळीवरून बोट फिरवलं. फळी आतून कुजली होती. नॉर्मन वर्षभर सांगत होते, "हिल्डे, ही पेटी आता जाळायला काढ." त्यावर बाई म्हणायच्या, "आधी तुला जाळते." पण त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "हे बघ, उद्याचे दोन तास तग धर. मग काय वाट्टेल ते कर."

मी वचन दिलं. पेटीचं वचन ऐकू येत नाही, पण दिलं.

घात झाला तो नाणेफेकीत. आमचा कप्तान नाणेफेक जिंकला, की उत्तरार्धात पत्र्याच्या छपराकडे चढाई येईल अशी बाजू घेतो. तिथे माणसांना कोरडं काँक्रीट मिळतं. पलीकडच्या गोलमागे गादी कारखान्याची भिंत आणि मातीचा उतार आहे, तो पूर्वार्धातच उरकून टाकायचा. त्या दिवशी नाणेफेक मॉसगेटने जिंकली आणि त्यांनी मुद्दाम बाजू फिरवली. दोनशे सत्तर माणसं उताराकडे आधीच जाऊन उभी होती. ती सगळी शिव्या देत छपराखाली आली.

"शेवटची पंचेचाळीस मिनिटं चिखलात!" नॉर्मन म्हणाले. "हिल्डे, आता तर खांद्यावरच घ्यावं लागेल तुला."

"तुझ्या खांद्यावर चढण्यापेक्षा मी मॉसगेटची होईन."

पूर्वार्धात एकदा वजन गेलं आणि परत आलं: आमचा गोल. मग पाय अचानक दगडासारखे झाले, आणि त्या शांततेत लांबून वीस-पंचवीस मॉसगेटवाल्यांचं ओरडणं आलं. एक-एक. मध्यंतरात सगळी वरात मैदानाला वळसा घालून कारखान्याकडे निघाली.  कुत्रीसुद्धा खाली मान घालून चालली होती. बाईंनी मला ओल्या मातीवर ठेवलं, एका कोपऱ्याखाली चपटा दगड सरकवला आणि माझ्यावर चढल्या. मी डुगडुगले.

"पडशील गं," नॉर्मन म्हणाले.

"गप. कॉर्नर आहे."

ती पंचेचाळीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. पाऊस धरला. बाईंच्या टाचा वर, खाली, वर, खाली. त्यांचा आवाज बसला होता, तरी त्या आमच्या सहा नंबरच्या खेळाडूला त्याच्या आईची शपथ घालत होत्या. प्रत्येक टाचेगणिक माझी मधली फळी आतून एकेक तंतू सोडत होती. देवा, एवढा अर्धा तास. देवा, एवढी दहा मिनिटं. बूच उडणार हे बाटलीला आधी कळतं म्हणतात तसं काहीसं मला होत होतं. जादा वेळ चार मिनिटांचा, असं कर्ण्यावरून बार्नबी म्हणाले.  मग कॉर्नर मिळाला. आमचा गोलरक्षकसुद्धा आपला गोल उघडा टाकून पुढे धावला, असं नॉर्मन ओरडले. टाचा उचलल्या. चवडे घट्ट रोवले गेले. आणि मित्रांनो, मी तुटले.

मधली फळी मोडली, दगड निसटला. बाई मागच्या बाजूला चिखलात उताण्या पडल्या आणि मी गडगडत जाऊन कठड्याच्या खालच्या गजापाशी आडवी झाले. माझं उघडं तोंड मैदानाकडे होतं.

एकेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा मैदान पाहिलं. ते हिरवं असतं! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

चेंडू आला. आमच्या नऊ नंबरने उंच उडी मारली; चेंडू त्याच्यापासून हातभर लांबून गेला. मग तो मॉसगेटच्या पाच नंबरच्या पाठीवर, नेमकं सांगायचं तर पाठीच्याही खाली, आदळला आणि अत्यंत सावकाश, एखाद्या पेन्शनर माणसासारखा, रेषा ओलांडून आत जाऊन थांबला.

मागे दोनशे सत्तर माणसांनी एकच आरोळी ठोकली. एकमेकांवर पडली. त्यांतली दोन बाईंवर पडली. बाई चिखलातून ओरडत होत्या, "कुणाचा? अरे मेल्यांनो, कुणाचा गोल? आपला की त्यांचा? सांगा ना कुणीतरी!"

कुणी सांगेना. जो तो रडत होता, आणि रडणं दोन्ही गोलांना सारखंच असतं. त्या गुडघ्यांवर आल्या, समोर दिसला त्याचा कोट पकडला. "आपला का रे? आपला का?" मनगट दुखावलं होतं, चष्म्यावर चिखल होता, आणि चेहरा असा, की तो पाहून मला माझं तुटणं लहान वाटलं.

शेवटी नॉर्मननी त्यांना उठवलं. "आपला! हिल्डे, आपला! राहिलो आपण!"

"कसा झाला?"

"हेडर! नऊ नंबर! असा हवेत उडाला, असा! गरुडासारखा!"

मित्रांनो, गोलच्या वेळी नॉर्मन कुठे होते, ते मी आडव्या पडल्या पडल्या पाहिलं होतं. ते मैदानाकडे पाठ करून, टोपी डोळ्यांवर ओढून, कारखान्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभे होते.

पुढच्या दोन आठवड्यांत बाईंनी गावभर विचारलं. पोस्टमन म्हणाला हेडर. पाववाला म्हणाला वीस यार्डांवरून फटका. बार्नबी तेव्हा कर्ण्याची वायर सरळ करत होते. वर्तमानपत्राने 'विजयी हेडर' छापलं, कारण वार्ताहराला माहिती नॉर्मननी दिली. ज्यांना बघवत नव्हतं त्यांनी डोळे मिटले होते आणि ज्यांना बघायचं होतं त्या उताण्या होत्या. तो गोल नीट पाहिलेला साक्षीदार सबंध गावात एकच आहे, आणि त्याला बोलता येत नाही.

आता मी मागच्या अंगणात कोळशाच्या खोलीत असते. मध्यंतरी नॉर्मन एक प्लॅस्टिकचं घडीचं स्टूल घेऊन आले.

"बघ. हलकं, मजबूत. आणि वास नाही."

बाई त्यावर चढल्या, उतरल्या. "कुरकुरतंय."

"तू कुरकुरतेयस."

"बरं, राहू दे." त्यांनी स्टूल दारामागे उभं केलं. नॉर्मन गेल्यावर त्या कोळशाच्या खोलीत आल्या, माझ्या मोडक्या फळीजवळ उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढं राहिलो गं आपण, आणि मला एकटीलाच नाही दिसलं."

एकटीलाच नाही, बाई. पण हे मी सांगणार कशी?

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी नवा हंगाम सुरू होतो. बाईंचं मनगट अजून हातोडी धरण्याजोगं नाही, आणि नॉर्मननी हातोडी धरू नये यावर गावाचं एकमत आहे. म्हणून तुम्हांला विनवते. जुन्या वस्तू मोडतात त्या बहुधा कुणाचा तरी भार उचलताना मोडतात. त्यांना लगेच जळणात टाकू नका. तुमच्यापैकी कुणी ब्रॅकनशॉच्या बाजूला गेलं तर एक सुकी फळी आणि दीड इंची चार खिळे घेऊन जा. गोलचं खरंखोटं बाईंना सांगत बसू नका. तो गरुड आता त्यांनाही आवडू लागलाय. फक्त दुरुस्ती झाली की मला पाव वळण फिरवून ठेवायला सांगा, म्हणजे एक भोक मैदानाकडे येईल.

आणि तेही जमत नसेल, तर निदान नॉर्मनला मोजे तरी बदलायला सांगा.