लाडू वाढले

मी एक स्टीलचा डबा बोलतोय. आणि मला सगळ्यात आधी खटकलं ते अगदी इतकंसं होतं: क्षितिजाने एकदाच विचारलं.

यात खटकण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही क्षितिजाला ओळखत नाही. गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघते. कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरते आणि अर्ध्यातून परत येऊन पुन्हा ओढून बघते. कुकरची शिट्टी झाली की ती दचकते, तिचा हात ओट्याला लागून माझं झाकण वाजतं, आणि त्या आवाजाने ती परत दचकते. आम्ही दोघं असे. चोवीस वर्षांची मुलगी, बी.कॉम. झालेली, नोकरी करणारी, आणि एका डब्याच्या झाकणाला घाबरणारी.

माझा जन्म इथलाच, भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातला. पत्र्याची एक चकती होतो मी. प्रेसखाली गेलो, खोल झालो, मग पॉलिशच्या चाकावर धरून मला इतकं घासलं की समोर येईल त्याचं तोंड माझ्यात दिसू लागलं. क्षितिजाच्या आईने, मनोरमा साटमने, मला लग्नानंतरच्या पहिल्या धनत्रयोदशीला घेतलं. दुकानाच्या दारात बसलेल्या माणसाने करकरत्या पेनाने माझ्या पोटावर नाव कोरलं, 'सौ. मनोरमा द. साटम', आणि खाली तारीख. त्यात 'र' जरा मोठा झालाय. तो अजून तसाच आहे.

लालबागची खोली सोडून नवराबायको नुकतेच भाईंदरच्या गोडदेवला आले होते. मनोरमा मला रिकामा झाल्यावर उलटा करायची, बुडावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "वाढला हो डबा!" पहिल्यांदा मी चक्रावलोच. पोटात दाणा नाही, आणि ही म्हणते वाढला? तिचे यजमान दत्तारामही हसले होते. तेव्हा ती म्हणाली, "भरल्या घरात संपलं म्हणू नये. वाढलं म्हणावं. म्हणजे पुन्हा भरतं."

क्षितिजा पाच वर्षांची असताना मनोरमा आजारात गेली. दत्ताराम स्वयंपाक शिकले, पण तो शब्द काही शिकले नाहीत. त्यांच्या तोंडी एकच. "साखर संपली." "तेल खल्लास." 'वाढलं' हा शब्द घरातून गेला आणि तो गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही. माझ्याशिवाय.

दत्तारामना शुगर आहे. दोन वेळा इन्सुलिनची सुई. दोन वर्षांपूर्वी गोडदेव नाक्यावर रिक्षातून उतरताना साखर एकदम खाली गेली, ते घामाघूम झाले आणि फुटपाथवर बसले ते उठेचनात. सोबतची क्षितिजा तीन जिने धावत वर घरी आली, मला काखेत मारून धावत गेली आणि त्यांच्या तोंडात गूळ-शेंगदाण्याचा लाडू कोंबला. दहा मिनिटांनी दत्ताराम म्हणाले, "अजून एक दे, चांगला झालाय." तेव्हापासून मी लाडवांचा डबा. कायम भरलेला. एरवी हात लावायचा नाही, पण दत्ताराम अधूनमधून गुपचूप झाकण उघडायचे आणि पकडले गेले की म्हणायचे, "ही माझी ॲम्ब्युलन्स आहे. चालू आहे का बघत होतो."

निवृत्त झाल्यावर त्यांना एक मित्र मिळाला. पंढरीनाथकाका, गोडदेवच्या जुन्या गावातले. तरुणपणी मिठागरात राबलेले, त्यामुळे साठीतही टणक. सकाळी फिरता फिरता दोघांनी ठरवलं, पाय चालतायत तोवर डोंगर चढून घ्यायचे.

जानेवारीत ते एका रात्रीसाठी गेले. भरणी क्षितिजाची. दोन किलो कांदे, लोणच्याची बरणी, चार पुडे बिस्किटं, शेजारच्या रीमाबेनचे थेपले, एका रात्रीसाठी तीन साबण. अकरा किलो. निम्मं तसंच परत आलं आणि दत्तारामना आठ दिवस खांदा हलवता येईना. काका म्हणाले, "पोरीनं तं वान्याचं दुकानच बांदलंय रे तुझ्या पाठीला!" सगळे हसले. क्षितिजाही हसली. रात्री भांडी घासताना मात्र ती हसत नव्हती, हे मी जवळून पाहिलं.

आता दुसरी खेप होती. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला, शनिवार-रविवार. एक मुक्काम.

"भूक माझी, भीती तुझी आणि ओझं माझ्या गुडघ्यावर," दत्ताराम म्हणाले. "पाच किलो. वर एक ग्रॅम दिसला तर बॅग काशीमीऱ्याला सोडून पुढे जाईन."

"बाबा, विचारते फक्त—"

"एकदा विचार. एकदाच."

म्हणून यावेळी क्षितिजाने शिकून घेतलं. खोटं कशाला बोलू, छान केलं तिने. कागदावर तीन जेवणं आणि दोन नाश्ते मांडले. खोकी फेकली. तांदूळ आणि मुगाची डाळ एकाच पिशवीत मिसळली, हळद-मीठ-तिखटाची एकच पुडी त्यातच टाकली, म्हणजे डोंगरावर नुसतं पाणी घालून खिचडी. पोहे भाजूनच भरले. कांदे दोन. सगळं वजनकाट्यावर ठेवून, आकडा लिहून. चालताना खायचे माझ्यातले लाडू तिने पिशवीत ओतले होते, तर बॅग भरली पाच किलो सहाशे.

सहाशे ग्रॅम काढायचे होते. तिने लाडवांची पिशवी काट्यावर ठेवली. सहाशे वीस.

पंढरीनाथकाकांच्या घरी पण लाडू केले होते. तिने इंदुबाईंना, म्हणजे काकूंना, मेसेज केला, "काकू, काकांच्या बॅगेत लाडू किती आहेत?" उत्तर आवाजात आलं, मागे भांड्यांचा खणखणाट.

"लाडू? वाढलं गो लाडू. तू बघ."

मी पालथा पडलो नाही इतकंच. पोटात कळलं मला. वाढलं! त्यांचे संपलेत गं, तुझे भर म्हणून सांगतेय ती बाई. तुझी आई हाच शब्द बोलायची, माझ्याच बुडावर टिचकी मारून.

क्षितिजाचा चेहरा मात्र उजळला. "वाढले? बघा बाबा, काकूंकडे जास्तच झालेत. मी उगाच!"

तिने मेसेज पुन्हा ऐकला नाही. फोन लावला नाही. अंगठा फोनवर नेला होता तिने, पण दत्ताराम बघत होते, गमतीनेच, भुवया उंचावून. अंगठा मागे आला. लाडू पुन्हा माझ्यात पडले. "आता ग्लुकोजचा पुडा तरी कशाला," ती स्वतःशीच म्हणाली आणि तोही काढला. चार किलो नऊशे. दत्तारामनी टाळी दिली तिला. तिने कागदावर लिहिलं: 'चालताना: लाडू, काकांची बॅग.'

मी झाकण वाजवायचा प्रयत्न केला. डबा स्वतः होऊन वाजत नाही.

शनिवारी पहाटे ते गेले. मी ओट्यावर, भरलेला. भरलेल्या डब्याला एरवी बरं वाटतं.

दुपारी इंदुबाई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. झाकण उघडून बघितलं.

"ह्ये काय? लाडू दिलंस न्हाय बापाला?"

"काकांकडे आहेत ना. तुम्हीच म्हणालात, वाढले."

"अगो, वाढलं म्हंजी हायत कुठं? नातवांनी सगलं खाल्लं गुरुवारीच. भरल्या घरात संपलं कसं बोलनार मी? म्हून तं बोलली, तू बघ! यांना पन सांगितलं, पोरीला कलवलंय, ती देल."

क्षितिजा उभी होती ती खालीच बसली, फरशीवर. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे चालताना खायला काहीच नाही." इंदुबाई म्हणाल्या, "असल गो कायतरी." मग त्यांनीच फोन काढला. दत्तारामची सुई त्यांना ठाऊक होती.

फोन सुरू झाले. बाबांचा फोन संपर्काबाहेर. काकांचा फोन संपर्काबाहेर. पुन्हा. पुन्हा. त्या फोनमधल्या बाईचा आवाज मला पाठ झालाय. किती सभ्य आवाजात सांगते ती. तेविसाव्या वेळेला क्षितिजा तिलाच म्हणाली, "प्लीज."

कुणाला सांगणार? माणसं हरवलेली नव्हती. उशीरही झालेला नव्हता, ती रविवारी संध्याकाळी यायची होती. 'लाडू घरी राहिले' ही काय मदत मागण्यासारखी गोष्ट आहे? तिने ऑफिसमधल्या अभिनवला फोन केला, तो ट्रेकला जातो. तो म्हणाला, "अगं, एवढं काय? पोहे खातील. तू पण ना!" तिने 'हो' म्हटलं आणि ठेवला. 'तू पण ना' हे शब्द तिला लहानपणापासून मिळतायत. त्यांच्यापुढे तिचं काही चालत नाही.

रात्रीचं सांगत नाही. इंदुबाई इथेच राहिल्या आणि पंखा फिरत होता, एवढंच.

रविवारी सकाळी तिने मला उचललं, ओढणीत गुंडाळलं, खांद्याच्या पिशवीत घातलं. "तुम्ही घरी थांबा काकू, फोन आला तर," म्हणाली. इंदुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माजी जीभ झडली का नाय गो." क्षितिजा दारात थांबली. "तुमची नाही चूक. मी परत विचारायला हवं होतं." कुलूप लावायचं नव्हतं, तरी तिने कडी ओढून बघितली.

रिक्षाने आम्ही काशीमीऱ्याला, हायवेवरच्या बसथांब्यावर आलो. घोडबंदरवरून ठाणं, मग कल्याण, मग मुरबाड, मग पुढे काय मिळेल ते. चार तास तरी. कुठल्या गावात उतरायचं, कुठल्या वाटेने ते येतील, काही माहीत नाही. एक मुलगी, एक डबा, सोळा लाडू. ट्रक असे कर्कश हॉर्न मारत होते की तिच्या मांडीवर मी सारखा वाजत होतो. एक बस भरून गेली. दुसरी थांबलीच नाही.

पुढची बस आली की आम्ही निघू, पण आम्ही पोचू असं मला वाटत नाही. डब्याला अंतर कळत नाही, पण उशीर कळतो.

म्हणून इथेच तुमच्याकडे मागून घेतो, पुढे बोलायला मिळेल न मिळेल. तुमचं कुणी डोंगरावर निघालं तर वजन जरूर करा. दोन किलो कांदे देऊ नका. पण कुणी 'वाढलं' म्हणालं तर पुन्हा विचारा. हसले तरी विचारा, 'तू पण ना' म्हणाले तरी विचारा. माझ्या मनोरमाचा शब्द वाईट नव्हता हो. तो पुन्हा भरण्यासाठी होता.

पावणेअकराला क्षितिजाने पुन्हा बाबांचा नंबर लावला. ती सभ्य बाई बोलली नाही. रिंग वाजली. क्षितिजा इतकी दचकली की मी पडता पडता राहिलो. दुसरी रिंग. तिसरी. पाचवी.

कुणीतरी उचलला.

"कोन?" म्हातारीचा आवाज, कोंबड्यांच्या कलकलाटात.

"हा माझ्या बाबांचा फोन आहे! बाबा कुठे आहेत?"

"हितं माज्या घरच्या वटीवर निजलेत. सकाली सुई घेतली म्हनं, आन रानात वाट चुकले. दोस्तानं धरून आनलं, त्यो गाडी बघाया गेलाय. घाम लय सुटलाय बाय त्यास्नी. पेज वाढलीया."

"वाढली म्हणजे? वाढली म्हणजे काय, आजी?"

"वाढली म्हंजी वाढली, ताटलीत. पन हात उचलंना. डोलं उघडत्यात, परत मिटत्यात."

"गूळ! आजी, घरात गूळ आहे का? गूळ द्या त्यांना, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. पत्र्याचा, माझ्यासारखाच कुणीतरी. बुडावर बोट वाजलं.

"गूळ वाढला गं, बाय."

यावेळी क्षितिजाला शब्द कळला. दोन्ही हातांनी तिने मला छातीशी धरलं, सोळा लाडवांसकट, आणि ट्रकच्या हॉर्नवरून ओरडून दुसऱ्यांदा विचारलं.

"साखर? आजी, साखर आहे का?"