स्लो कुकरचं झाकण

शनिवारी सकाळी सात वाजता सुप्रभाने स्लो कुकरमध्ये बीफचे तुकडे रचले. वर गाजर, मशरूम, आल्याच्या चकत्या, एक चक्रीफूल आणि अर्धी वाटी सोया सॉस. झाकण ठेवून तिने बटण 'लो'वर फिरवलं. रेसिपी ऑफिसातल्या मैत्रिणीची. तिने एकच अट घातली होती, मध्येच झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की जेवण अर्धा तास लांबतं.

१९९१चा नोव्हेंबर होता. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या या घरात सहा वर्षं पंधरवड्यातून एकदा तरी बीफ शिजत असे. ऑक्टोबरात गिरीशची आई, गयाबाई, नागपूरजवळच्या गावाहून आल्या आणि ते बंद झालं. त्या यायच्या आदल्या दिवशीच गिरीशने बजावलं होतं, "आईसमोर मोठ्याच्या मटणाचं, बीफचं, नाव काढू नकोस. तिच्या लहानपणी अख्ख्या वस्तीने शपथ घेतली होती. तिने ती मोडलेली नाही."

सुप्रभाला पाचवा महिना लागला होता. तिची आई हयात नव्हती. एप्रिलमध्ये बाळंतपणाला गयाबाईंशिवाय कोणी नव्हतं, आणि त्या दुखावून निघून गेल्या तर काय, ही धास्ती तिला होती. महिनाभर तिने कळ काढली. पण डोहाळे लागले ते नेमके याच चवीचे. गिरीश कामावर गेला होता, पाचच्या ट्रेनने येणार होता. विचारलंच तर काय सांगायचं, ते तिने ठरवून ठेवलं होतं.

तीनच्या सुमारास गयाबाई झोपून उठल्या आणि किचनमध्ये येऊन थबकल्या.

"काय शिजतंय गं?"

"चायनीज आहे, आई. लँबचं."

"लँब म्हणजे?"

"कोकरू."

गयाबाईंनी सरळ झाकण उचललं. चष्म्यावर वाफ धरली. तो पुसून त्यांनी चमच्याने एक तुकडा दाबला, त्याचे जाड धागे सुटे झाले.

"अडुसष्ट वर्षांत असं कोकरू पाहिलं नाही मी. एवढं थोराड."

सुप्रभा ओट्याला टेकली. "गिरीश म्हणाला, तुमची शपथ आहे. हे न खाण्याची."

गयाबाई खुर्ची ओढून बसल्या. "विकत आणलंस ना?"

"हो. सुपरमार्केटातून."

"दाखव."

सुप्रभाने कचऱ्यातून प्लॅस्टिकचा ट्रे काढला. गयाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी लेबलावरून बोट फिरवून त्यांनी ते पुरतं पाहून घेतलं.

"आमची शपथ मेलेल्या ढोराची होती. गावात ढोर मेलं की आमच्या माणसांनी ओढून न्यायचं आणि तेच खायचं. माझ्या बापाने शिजतं मडकं उकिरड्यावर फोडलं. सात वर्षांची होते, भुकेली होते, म्हणून पक्कं आठवतं. पुढे ह्यांना मास्तरकी लागली, तेव्हा बाजारातून आणून खाल्लंच की. गिरीशनेही खाल्लंय. दार लावून."

"दार का?"

"वास गेला की दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत ऐकवायचे. गिरीशला आम्ही कधी सांगितलं नाही की ताटात काय आहे. लहान होता, कुठेतरी बोलून गेला असता." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "गावाला चोरून खाल्लं, ते ठीक. पण तू मला कोकरू म्हणालीस. मी काय गाव आहे?"

"चुकलं, आई. तुम्ही परत जाल असं वाटलं."

"बाळाचं तोंड पाहिल्याशिवाय कोण जातंय?"

गयाबाई उठल्या. सिंकवरच्या खिडकीची मूठ त्यांना आधी फिरेना. मग फिरली. गार वारा आत आला. कुंपणापलीकडे शेजारीण दोरीवरचे कपडे काढत होती.

"आई, थंडी येईल."

"येऊ दे."

त्यांनी पुन्हा झाकण उचललं आणि रस्सा चाखला. "मीठ बरं आहे. मिरची कुठंय?"

"आई, असं सारखं उघडलं तर जेवण सहापर्यंत लांबेल."

"लांबू दे. तोवर गिरीश येईल. त्यालाही सांगायचंय मला, ताटात काय असायचं ते."

खिडकी तशीच उघडी राहिली. सुप्रभा फ्रिजमधून मिरच्या काढायला वळली.